आदर्श दांपत्याच्या लग्नाची नोटीस

दोहा,
१५ नोव्हेंबर २०२४

प्रिय जैतून,

तुझ्या इथल्या लेकाचा, तबिशचा, एक मित्र उद्या रत्नागिरीला निघालाय, त्याच्या बॅगेत हे पत्र आणि खजूर कोंबतेय. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं, पण तुझा फोन म्हणजे साखरतरची चावडी. नातवंडं मोठ्याने वाचून दाखवतात, सुना ऐकतात, आणि मग तुझ्या उत्तरात आणखी चार जणींचे सल्ले येतात. हे चार जणींसाठी नाही. वाच आणि फाडून टाक.

काल प्रतापने मला लग्नाची मागणी घातली. निदान मला तसं वाटतंय. जेवण झाल्यावर त्याने लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि मला समोर बसवलं. मला वाटलं, सुट्टीचा बेत दाखवतोय. पहिल्या स्लाइडवर होतं, “वारसा कर: जोखीम आणि उपाय”. इकडे येण्याआधी तो इंग्लंडात नोकरीला होता, तेव्हा घेतलेला लंडनजवळचा हॅरोचा फ्लॅट अजून त्याच्याकडे आहे. मृत्युपत्रात तो माझ्या नावावर लिहिलाय. आता तिथला वकील म्हणतो की प्रताप गेला तर त्यातला मोठा वाटा तिथलं सरकार कर म्हणून कापून घेईल. पण मी त्याची लग्नाची बायको असले तर एक पैसासुद्धा नाही. हे सगळं त्याने बाण काढून दाखवलं. एका चौकोनात “प्रताप (मृत)”, दुसऱ्या चौकोनात मी. चौकोन जोडले की कर शून्य. शेवटची स्लाइड, “शिफारस: विवाह”. खाली बारीक अक्षरात, “शंका असल्यास विचाराव्यात”.

तू म्हणशील, आता कसलं लग्न, ते तर कधीच झालंय. तिथेच गोम आहे, जैतून. झालेलं नाही. तू इथून गावी परत जाईपर्यंत इतकी वर्षं तुझ्या समोरच्या दारात राहिले, तुझ्या हातची सांदणं खाल्ली, आणि ही एक गोष्ट पोटात ठेवली. इथे लग्नाशिवाय एका घरात राहायची सोय नाही, म्हणून तर शेजारी शेजारी दोन फ्लॅट, दोन भाडी, दोन दारं. त्याला कामासाठी वेगळी जागा लागते, असं लोकांनीच ठरवलं आणि आम्ही मान हलवली. पहिल्याच वर्षी महाराष्ट्र मंडळाने निमंत्रणावर “श्री. व सौ. रणदिवे” छापलं, तेव्हाच बोलायला हवं होतं. मग दर संक्रांतीला सवाष्ण म्हणून मला हळदीकुंकवाचं बोलावणं. वाणाच्या डब्या आणि चाळण्यांनी माझं एक कपाट भरलंय. गेल्या वर्षी दिवाळीत तर कहर झाला. मंडळाचा सेक्रेटरी हरिदास, त्याने स्टेजवरून प्रतापला विचारलं, लग्नाला किती वर्षं झाली? प्रताप घाबरला आणि पंचवीस म्हणाला. झालं, आम्हाला “आदर्श दांपत्य” म्हणून चांदीचं ताट मिळालं.

सुरुवातीला प्रतापने मला दोनदा विचारलं होतं, नीट, तोंडाने. मीच नाही म्हटलं. माझ्या ताईने लग्नानंतर आधी बँकेची नोकरी सोडली, मग गाणं सोडलं, आणि शेवटी घरात बोलणंच सोडलं. ते बघून मी धसका घेतला होता. मी त्याला बजावलं, पुन्हा विचारलंस तर हे येणंजाणं बंद. त्याने शब्द पाळला.

मग मला आता राग कशाचा येतोय? इथल्या मुशैरिब भागातल्या एका मोठ्या हॉटेलचे हिशेब मी सांभाळते. कर वाचवणं म्हणजे पुण्य, हे मीच सगळ्यांना शिकवते. त्याचं गणित बरोबर आहे. गेल्या उन्हाळ्यात हृदयात स्टेंट बसवल्यापासून असले विचार त्याच्या डोक्यात येतात, तेही मला समजतं. पण कालपासून मनात एकच घोळतंय, या माणसाला मी हवी आहे की करमाफी? तू सांग, हो म्हणू की नको?

तुझी,
सरोज


साखरतर, रत्नागिरी
२८ नोव्हेंबर २०२४

सरोज बाय,

पत्र फाडलं नाही, उशीच्या अभ्र्यात आहे. खजूर सुनांनी संपवले, मला दोन मिळाले.

“झालेलं नाही” वाचून मी दचकेन असं तुला वाटलं असेल. अगो, मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. आमचे मजीद दुकानातून आले की मी न विचारता चहा पुढ्यात आपटायचे आणि ते न बघता प्यायचे. तू प्रतापभाईंना विचारायचीस, “तुला चहा हवाय का रे?” आणि ते वर थँक्यू म्हणायचे. नवऱ्याने बायकोला चहासाठी थँक्यू म्हटलेलं मी अख्ख्या कोकणात ऐकलं नाही. मी मजीदना म्हटलं, हे नवरा-बायको नव्हेत. ते म्हणाले, सुखी आहेत ना, मग गप बस. ते गेले, अल्ला त्यांना जन्नत देवो, पण त्यांनी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. मीही नाही. तू मात्र लाडक्या सवाष्णीचा आव आणून माझ्याकडे वाणाच्या चाळण्या खपवायचीस, तेव्हा मला हसू दाबणं जड जायचं.

आता तुझा सवाल. माझं ऐकशील तर हो म्हण. इंग्रजाने दीडशे वर्षं इथून नेलं, अजून त्याचं पोट भरलं नाही काय? आमच्यात निकाहाला मेहेर ठरतो, नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम, चार माणसांसमोर आकडा बोलतात, त्यात कोणाला लाज वाटत नाही. पैशाचं बोलणं झालं म्हणून माया आटत नाही. प्रतापभाई इंजिनियर माणूस. अशा माणसांना वाटतं, मागे काहीतरी ठेवून जाणं म्हणजेच प्रेम. त्यांना खरोखर कराचीच काळजी असणार, त्यात वाकडं शोधू नको. तू केलेली मनाई तर त्यांना आठवतसुद्धा नसेल.

गुडघ्याला बाशिंग बांधायचं आपलं वय नाही, गुडघ्याला तेल चोळायचं आहे. तरी पण हो म्हण. व्यवहार म्हणून म्हण.

सोबत कोकमं आणि कुळथाचं पीठ आहे.

तुझी,
जैतून


दोहा,
१३ डिसेंबर २०२४

आदरणीय जैतूनभाभी,

सप्रेम नमस्कार. शाळा सुटल्यापासून हाताने पत्र लिहिलेलं नाही, अक्षराबद्दल क्षमा असावी. सरोजने तुमच्यासाठी दिलेलं गुडघ्याचं मलम आणि माझं हे पत्र एकाच पिशवीत आहे. मलमाची तिला माहिती आहे, पत्राची नाही. कृपया कळवू नये.

सरोजने लग्नाच्या प्रस्तावाला मंजुरी दिली आहे. तिचे नेमके शब्द होते, “ठीक आहे, प्रोसीड.” त्यानुसार आम्ही या आठवड्यात भारतीय वकिलातीत जाऊन लग्नाची नोटीस दिली. ती तिथे फलकावर महिनाभर राहते, म्हणजे कोणाची हरकत असेल तर त्याला ती घेता यावी. फॉर्म भरताना सरोजने माझ्याकडून पेन मागून घेतलं, पण एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. त्या दिवसापासून ती माझ्याशी फार नीट वागते आहे. काल तिने मला चहा दिला, तर कपाखाली बशी होती. भाभी, इतक्या वर्षांत आमच्यात बशी आलेली नाही. मला झोप लागत नाही.

आता खरी गोष्ट. त्या करात मला काडीचाही रस नाही. मला तिच्याशी लग्न करायचं आहे, पहिल्यापासून करायचं होतं. पण पुन्हा विचारणार नाही असा शब्द तिने माझ्याकडून घेतला होता, आणि मी तो विसरलेलो नाही. म्हणून मी असं एखादं कारण शोधत होतो की ज्यात विचारावं लागणार नाही, फक्त कळवावं लागेल. वकिलाने कराचं सांगितलं तेव्हा मला इतका आनंद झाला की तो बिचारा गोंधळला. त्याने आवाज वाढवून पुन्हा सांगितलं की रक्कम मोठी आहे. मी म्हटलं, फारच छान.

कारण लागू पडलं. ती हो म्हणाली. पण जे हो मिळालं ते मला नको होतं, दुसरंच हवं होतं. तेलाच्या टाक्यांना आग लागू नये म्हणून कुठे काय करावं याचे नियम मी आयुष्यभर लिहिले. इथे कोणता नियम लावावा ते कळत नाही. आपण मार्ग सुचवावा.

आपला नम्र,
प्रताप रणदिवे


साखरतर,
२२ डिसेंबर २०२४

प्रतापभाई, सलाम.

याला म्हणतात काखेत कळसा अन् गावाला वळसा. बाई भिंतीपलीकडे बसलीय, आणि तुम्ही समुद्र ओलांडून मला विचारता. तुम्हा दोघांची पत्रं मी एकटीच खोलीत बसून वाचते आणि हसते. धाकटी सून परवा मोठीला म्हणाली, अम्मांचं वय झालं.

सरोजने मला काय लिहिलं ते तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही काय लिहिलं ते तिला सांगणार नाही. पण मला वाटलं होतं तुम्हाला कराचीच काळजी पडलीय, आणि मी तिला तसंच लिहून बसले. तेव्हा आता निस्तरायला हवं.

तो कर मधून काढून टाका. फ्लॅट विका, दान करा, पुतणीला द्या, काहीही करा, पण लग्न करून एक दमडी वाचणार नाही अशी सोय करा. मग तिच्यासमोर उभे राहा आणि तोंडाने बोला. लॅपटॉप बंद ठेवून. शब्द मोडला म्हणून ती दार लावून घेईल तर लावू दे. लावलेलं दार वाजवता येतं. बशीतला चहा मात्र जन्मभर प्यावा लागेल.

जैतून


दोहा,
११ जानेवारी २०२५

प्रिय जैतून,

आधी बसून घे. उभ्याने वाचण्यासारखं नाही हे.

काल शुक्रवार. दुपारी बेल वाजली. दारात हरिदास आणि त्याची बायको उर्वी, दोघांचे चेहरे मयताला आल्यासारखे. मला वाटलं, मंगळवारच्या हळदीकुंकवाचं बोलावणं करायला आलेत. सोफ्यावर टेकून बसले. उर्वीने माझा हात धरला आणि तिला रडूच फुटलं. मग हरिदास घसा खाकरून बोलायला लागला. मुलीच्या कागदपत्रांसाठी तो वकिलातीत गेला होता, तिथे रांगेत उभा असताना त्याने फलक वाचला. प्रताप गजानन रणदिवे, आपले प्रतापकाका, लग्न करतायत. कोणा सरोजिनी वामन पिंपुटकर नावाच्या बाईशी.

जैतून, ती मीच. पासपोर्टवर मी वडिलांच्या नावाने आहे. पण मंडळाला मी ठाऊक आहे ती सौ. सरोज रणदिवे. हरिदास दुःखाने म्हणाला की काकांनी नावसुद्धा हुशारीने निवडलंय, घरात चुकून तोंडातून निघालं तरी पकडले जाणार नाहीत. मला हसू यायला लागलं. ते दाबायला मी पदर तोंडाला लावला, तर उर्वीने मला मिठीच मारली आणि म्हणाली, काकू, दाबू नका, मोकळ्या व्हा. मी हुंदके दिल्यासारखी गदगदा हसत होते आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

हरिदासने तर हरकतीचा अर्जच तयार करून आणला होता. वराची पहिली पत्नी हयात असून ती या मंडळाची आदर्श गृहिणी आहे, सबब या विवाहास आमची हरकत आहे. पुरावा म्हणून चांदीचं ताट घेताना आम्हा दोघांचा फोटो. रविवारी नेऊन देणार होता, फक्त माझी सही हवी होती. म्हणजे माझ्या लग्नाला माझीच हरकत.

एवढ्यात प्रताप आला. घरातली चड्डी, हातात रिकामी साखरेची बरणी. हरिदास ताडकन उठला. आजवर काकांसमोर मान वर न करणारा पोरगा, पण काल बोलला. घरात अशी बाई असताना या वयात हे शोभतं का, असं विचारलं त्याने.

प्रतापने अर्ज हातात घेतला, वाचला आणि खाली ठेवला. तो हसला नाही. सरळ सांगितलं, ती सरोजिनी म्हणजे हीच, आणि आमचं लग्न झालेलंच नाही. उर्वीने माझा हात सोडला. मग थोड्या वेळाने पुन्हा धरला. हरिदास शोकेसमधल्या ताटाकडे बघत राहिला. शेवटी त्याने बारीक आवाजात विचारलं, “मग काका, आता कशाला करताय?”

मी मनात म्हटलं, झालं, आता हा लॅपटॉप आणतो. प्रतापने बरणी टेबलावर ठेवली. तो माझ्याकडे बघत नव्हता, हरिदासकडेच बघत होता.

“गेल्या उन्हाळ्यात मला स्ट्रेचरवरून आत नेत होते. काउंटरवर हिला विचारलं, पेशंट तुमचे कोण? ही म्हणाली, शेजारीण आहे. मला ते ऐकू आलं. हिला बाहेरच थांबवलं. आत जाताना मला मरायची भीती नाही वाटली, हरिदास. वाटलं, आता आपण गेलो तर हिला नीट रडतासुद्धा येणार नाही.”

जैतून, तो शब्द त्याने ऐकला होता हे मला माहीत नव्हतं. तिथे माझ्या तोंडून दुसरं काही निघेना. खोटं बोलायला भीती वाटली आणि खरं काय सांगायचं ते सुचलं नाही. त्या दिवशी घरी येऊन मी स्वतःला किती शिव्या दिल्या ते माझं मलाच ठाऊक. आणि हा सगळं ऐकून इतके महिने गप्प होता.

मग तो म्हणाला की हॅरोचा फ्लॅट त्याने मृत्युपत्रात आता नुपूरच्या नावे लिहिलाय. नुपूर म्हणजे त्याची पुतणी, लंडनला असते. मागच्या आठवड्यात सह्या झाल्या. माझ्याशी लग्न करून आता काहीच वाचणार नाही, कर पुरेपूर बसेल. नुपूर भरेल, तिला पगार चांगला आहे. “माझ्याकडे आता कारण उरलेलं नाही,” तो म्हणाला, “तरी मला लग्न करायचं आहे. पण विचारायचं नाही असं हिला कबूल केलंय, म्हणून मी हिला विचारत नाही. तुला सांगतोय.”

हरिदास बिचारा अर्ज हातात घेऊन उभा. त्याने मला विचारलं, “काकू, मग मी हरकत घेऊ की नको?”

मी म्हटलं, दोन दिवस थांब. प्रतापने बरणी उचलली आणि साखर न घेताच तो निघून गेला. उर्वीने जाताना माझ्या कानात सांगितलं, मंगळवारी या हं काकू, तुमचं वाण आणून ठेवलंय.

आता मी दाराला आतून कडी घालून बसले आहे. कधी हसते, कधी रडते. मला जे ऐकायचं होतं ते त्याने बोलून दाखवलं, तेही मंडळाच्या सेक्रेटरीला. आता भीती त्याची नाही, माझीच वाटते. ताईचं तोंड डोळ्यांसमोर येतं. इतकी वर्षं ज्याला नाही म्हटलं, त्याला हो म्हटलं तर मी मी राहीन का?

तुझी,
सरोज


साखरतर,
१७ जानेवारी २०२५

सरोज बाय,

आधी एक कबूल करते. त्यांनी मला पत्र लिहिलं होतं, आणि फ्लॅटची भानगड मिटवा असं मीच त्यांना सांगितलं. आता रागाव हवी तेवढी, माझं वय झालंय असं सुनाही म्हणतात. पण हॉस्पिटलचं मला त्यांनी लिहिलं नव्हतं. ते वाचून मी हसले नाही.

तुझ्या ताईच्या घरी तिला कोणी थँक्यू म्हणत होतं काय? मग तिचं तोंड कशाला डोळ्यांपुढे आणतेस? चांदीचं ताट आधी आणि लग्न नंतर, वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. पण घोडं उशिरा आलं म्हणून कोणी परत पाठवत नाही.

आणि उत्तर मला लिहू नको. भिंतीपलीकडे जाऊन दे.

जैतून


दोहा,
३१ जानेवारी २०२५

प्रिय जैतून,

लग्नाचे फोटो तबिशने पाठवले असतीलच, म्हणजे अख्ख्या साखरतरने बघितले असणार. मंडळात वधूपक्ष आणि वरपक्ष अशी फाळणी झाली होती. हरिदास वधूपक्षात, कारण हरकतीचा अर्ज त्याने द्यायचा सोडला तो याच अटीवर. वकिलातीत साक्षीदार म्हणून सहीही त्यानेच केली. उर्वीने दोन्ही फ्लॅटच्या दारांना तोरणं लावली. आता यातला कुठला फ्लॅट सोडायचा यावर आमचं भांडण सुरू आहे. त्याच्याकडे एसी बरा आहे, माझ्याकडे स्वयंपाकघर. नोकरी तीच, नाव पिंपुटकरच. नुपूरने लंडनहून कळवलंय की कर भरायला ती तयार आहे, पण काकांनी घाई करू नये.

पण त्याआधीचं तुला सांगायचं राहिलं. तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी चांगली साडी नेसले आणि पलीकडे गेले. किल्ली आहे माझ्याकडे, तरी बेल वाजवली. बेल कोणी वाजवत नाही, म्हणून तो धावत आला. मला साडीत बघून म्हणाला, कोणाकडे कार्यक्रम आहे का?

मी विचारलं, “प्रताप, माझ्याशी लग्न करशील?”

तो दार धरून उभा राहिला. मग म्हणाला, “सरोज, आता यात काहीच वाचणार नाही, माहीत आहे ना?”

“माहीत आहे,” मी म्हटलं. “म्हणून तर विचारतेय.”

तुझी,
सरोज